वेठीचे नाव, बंदुकीचा देह : यांत्रिक खलनायकाच्या बाहुल्याची कुळकथा

‘मेगाट्रॉन’ हा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळणीमालेतील दुष्ट पक्षाचा, म्हणजे ‘डिसेप्टिकॉन’ नावाच्या यंत्रमानवांचा, म्होरक्या असून त्याचा बाहुला सांधे फिरवून आणि घड्या उलगडून एका रूपातून दुसऱ्या रूपात नेता येतो. या बाहुल्याच्या निरनिराळ्या काळांतील आवृत्त्या जमवणारे संग्राहक आज अनेक देशांत आहेत. त्याची कुळकथा मांडताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की या बाहुल्याचे जातिनाम, त्याचा देह आणि त्याचा दुष्टपणा या तिन्हींचे मूळ एका ठिकाणी नाही: जातिनाम चेक भाषेतून आले, देह जपानात घडला आणि दुष्टपणा अमेरिकेत लिहिला गेला. असे खेळणे जपून ठेवण्याची जी रीत आहे, तिला मात्र नांदेड-लातूरकडच्या घरांत बरेच जुने सोयरे सापडतात.

प्रथम जातिनामाचे कूळ. लिहिण्यात ‘यंत्रमानव’ आणि बोलण्यात ‘रोबो’ असे दोन शब्द मराठीत चालतात. त्यांपैकी दुसरा कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. हे नाटक 1920 मध्ये छापले गेले आणि 25 जानेवारी 1921 रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात रंगभूमीवर आले. कृत्रिम कामकऱ्यांसाठी चापेक यांच्या मनात लॅटिनवरून घडवलेला ‘लाबोरी’ हा शब्द होता, परंतु त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी ‘रोबोट’ सुचवला. त्यामागे ‘रोबोटा’ हा जुना शब्द आहे. जमीनदाराच्या शेतावर कुळाने मोबदल्यावाचून ठरावीक दिवस राबावे, या सक्तीला मध्य युरोपात रोबोटा म्हणत, आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती 1848 मध्ये रद्द झाली.

या शब्दाचे मराठी भाषांतर करू गेल्यास ‘यंत्रमानव’ हाती येत नाही, ‘वेठबिगार’ येतो. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून, म्हणजे राजाला कराच्या जागी द्यावयाच्या श्रमापासून, उतरला, तर ‘बिगार’ हा फारसी ‘बेगार’चा, म्हणजे बिनमजुरीच्या कामाचा, मराठी अवतार आहे; दोन राजवटींचे दोन शब्द एकमेकांना चिकटून एकाच ओझ्याचे नाव झाले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मराठवाड्याला हे ओझे पुस्तकातून शिकावे लागले नाही. संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात विलीन झाल्यावर आलेला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 हा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील जमिनींच्या दाव्यांत परिचित आहे, आणि देशभरची वेठबिगारी कायद्याने संपली ती 1976 च्या अधिनियमाने. पाडव्याला वर्षाचा करार करून मालकाच्या शेतावर राहणारा ‘सालगडी’ हा वेठबिगार नव्हे, कारण त्याचे साल ठरलेले असते. तरी मोबदला आणि सक्ती यांच्यामधली रेघ किती बारीक असते, हे त्या शब्दाच्या शेजारी ‘वेठ’ ठेवला म्हणजे कळते. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही, त्यामुळे रोबोची कुळकथा ही दोन्ही अर्थांनी कुळाचीच कथा ठरते. चापेक यांच्या नाटकात हे कृत्रिम कामकरी अखेर उठाव करतात आणि मनुष्यजातीचा नाश करतात. याचा अर्थ असा की हा शब्द जन्मला तेव्हाच त्याच्या पोटात खलनायक होता, आणि तो मालकावर उलटलेला वेठबिगार होता.

देहाचे कूळ पाहू गेल्यास सासर-माहेरची एक लांब येरझार दिसते. 1964 मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सुमारे 12 इंची सैनिक बाजारात आणला. मुलग्यांना बाहुली घेऊन देण्यास बाप कचरतील म्हणून कंपनीने ‘बाहुली’ हा शब्द टाळून त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’, म्हणजे हालचाल करणारी आकृती, म्हटले. बाहुला-बाहुलीचे लग्न एकाच खेळात लावणाऱ्या मराठी मुलांना ही अडचण कधी पडली नाही. हा सैनिक परवान्याने जपानच्या ताकारा कंपनीकडे गेला. तिने 1972 मध्ये त्याच देहाचा पारदर्शक, पोटातली यंत्रे दाखवणारा ‘हेन्शिन सायबॉर्ग’ काढला; ‘हेन्शिन’ म्हणजे रूपांतर. 1973 च्या तेलसंकटाने प्लास्टिक महागले, तेव्हा बाहुल्याचा आकार घटवणे भाग पडले आणि 1974 मध्ये सुमारे 10 सेंटिमीटर उंचीचा ‘मायक्रोमॅन’ आला.

मायक्रोमॅनची कल्पना अशी की हे लोक खरोखरच बोटाएवढे असून माणसांच्या घरात वावरतात. त्यामुळे 1983 च्या ‘मायक्रो चेंज’ या उपमालेत घरातल्या वस्तू जवळपास खऱ्या मापात घेऊन त्यांचे यंत्रमानव केले गेले: कॅसेटचा टेपरेकॉर्डर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक आणि पिस्तूल. त्यांतील वॉल्थर पी-38 या जर्मन लष्करी पिस्तुलाचा जो ‘गन रोबो’ झाला, तोच पुढचा मेगाट्रॉन. पिस्तुलाला खांद्याचा दस्ता, दुर्बीण आणि आवाज दाबणारी नळी जोडलेली होती, आणि ही जोडणी 1960 च्या दशकातील एका अमेरिकी हेरमालिकेतल्या पिस्तुलावरून उचललेली होती. रूप बदलताना दुर्बीण उजव्या हातावरची तोफ होते. चाप मात्र कुठेच दडत नाही, तो उभ्या यंत्रमानवाच्या दोन पायांमध्ये तसाच राहतो. जपानात हा पिस्तूल-मानव दुष्ट नव्हता. टेपरेकॉर्डर जितका निरुपद्रवी, तितकाच तोही.

दुष्टपणा आला तो सैनिकाच्या माहेरी, अमेरिकेत. हॅस्ब्रोने ताकाराच्या दोन मालांतील खेळणी एकत्र करून 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने आणली आणि त्यांना कथा पुरवण्याचे काम मार्व्हल कॉमिक्सकडे दिले. तेथील संपादक बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव लिहिले. ‘मेगाट्रॉन’ या नावात अणुस्फोटाची शक्ती मोजणारे ‘मेगॅटन’ हे माप आणि ‘इलेक्ट्रॉनिक’ यांचा सांधा आहे. नाव फारच भीतिदायक आहे असा हॅस्ब्रोने आक्षेप घेतला, तेव्हा खलनायकाचे नाव भीतिदायकच असले पाहिजे असे बुडियान्स्की यांनी पटवून दिले. त्याच वर्षी 17 सप्टेंबर रोजी, मराठवाड्याला मुक्तिदिन म्हणून पाठ असलेल्या तारखेस, योगायोगाने या कथेची चित्रमालिका अमेरिकी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. प्लास्टिकात यामुळे काहीच बदलले नाही. बदलला तो पुठ्ठा. खोक्याच्या मागच्या बाजूस पात्राची माहिती आणि बळ, बुद्धी, धैर्य अशा गुणांचे 1 ते 10 अंकांतील आलेख छापलेले असत, आणि ते वाचण्यासाठी लाल पारदर्शक पट्टी धरावी लागे. ज्याला गन रोबो म्हणून कोणी भ्याले नव्हते, तो छापील पुठ्ठ्याच्या बळावर खल ठरला.

मूळ देह फार दिवस टिकला नाही. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातील बंदुकांच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण असावी, असा कायदा अमेरिकेत 1988 मध्ये झाला. त्यानंतर हुबेहूब पिस्तुलाच्या रूपात हा बाहुला विकणे अवघड झाले आणि 1993 मध्ये तो हिरव्या रणगाड्याचे रूप घेऊन आला. 2007 च्या मायकेल बे दिग्दर्शित चित्रपटात तो परग्रहावरचे विमान झाला. त्याच वर्षी जपानात मोठ्या संग्राहकांसाठी पिस्तूल होणारी नवी, महागडी आवृत्ती निघाली, कारण लहानपणी ज्यांनी मूळ बाहुला खेळला किंवा ज्यांना तो मिळाला नव्हता, ती मुले आता कमावती झाली होती. आणखी एक गोष्ट त्याच वर्षीची: एका चित्रकथेत मेगाट्रॉनचा पूर्ववृत्तांत नव्याने लिहिला गेला आणि त्यात तो मुळात खाणीत राबणारा कामकरी दाखवला गेला. रोबोट हा शब्द ज्या कामकऱ्यातून निघाला, त्याच्याकडेच खलनायकाचा जीवनवृत्तांत फिरून पोहोचला.

घडवण्याच्या तंत्राचे कूळ मात्र मराठवाड्याच्या मातीत दाखवता येते. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातील ‘तगर’, हे सातवाहनकालीन व्यापाराचे केंद्र होते. तेथे सापडलेल्या पांढऱ्या चिकणमातीच्या अनेक मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांत दाबून काढावयाचा, ओला असतानाच दोन्ही जोडावयाचे आणि आत पोकळी राखावयाची, अशी ती पद्धत होती. प्लास्टिकचा बाहुलाही पोलादी साच्याच्या दोन अर्धांमध्ये वितळलेला रस दाबून काढतात, आणि जेथे ते अर्ध मिळतात तेथे केसाएवढी सांधरेषा उरते. मेगाट्रॉनच्या दंडावरून नख फिरवले तर ती लागते. तेरच्या मूर्तीच्या बगलेतही जोडाची रेघ शोधणारा अभ्यासक तेच करत असतो. तेरच्या वस्तू टिकल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळे. अनेक दशके गावात आणि शेतांत सापडलेल्या नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, खेळणी अशा हजारो वस्तू त्यांनी जमवल्या आणि त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या आज पाहता येतात. छोट्या आकृती जमवणे हा परका छंद आहे, असे म्हणणाऱ्यास हे एक उत्तर पुरेसे आहे.

भारतात हॅस्ब्रोची खेळणी 1987 मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलच्या द्वारे पोहोचू लागली, आणि 2007 च्या चित्रपटानंतर या यंत्रमानवांची ओळख जिल्ह्याच्या गावांपर्यंत गेली. माळेगावच्या खंडोबाच्या किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांत मात्र नाममुद्रा नसलेल्या, रोबो होणाऱ्या गाड्याच अधिक दिसतात, आणि त्यांना ‘मेगाट्रॉन’ म्हणायचे की नुसता ‘रोबो’, हे घेणारे मूल ठरवते. अस्सल बाहुल्याचा संग्राहक हा वेगळ्या हिशेबाचा माणूस असतो. आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, तर 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, त्यामुळे त्याला भावाबरोबर करही मोजावा लागतो. खोके फोडलेले आहे काय, पुठ्ठ्यावरचे गुणफलक कात्रीने कापून घेतले आहे काय, चकाकीचा मुलामा कडांवर उडाला आहे काय, आणि दस्ता, नळी व दुर्बीण हे तिन्ही भाग मूळचे आहेत काय, या प्रश्नांवर किंमत ठरते.

खलनायकाच्या प्रतिमेला मराठी रीतीने आजवर जे वागवले, ते या जपणुकीच्या नेमके उलट आहे. दसऱ्याला रावण उभारतात तो जाळण्यासाठी; नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतात ते नरकासुर म्हणून. खल दरवर्षी नवा करावा लागतो, कारण गतवर्षीचा उरलेला नसतो, आणि म्हणून रावणाच्या पुतळ्यांचा संग्रह संभवतच नाही. जपण्याची रीत वेगळ्या देवघरात आहे. भाद्रपदात मराठवाड्यात ज्यांना ‘महालक्ष्म्या’ म्हणतात त्या ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर त्यांचे विसर्जन होते, आणि मुखवटे पुन्हा पेटीत जातात. त्यांच्यापुढच्या आराशीत मातीची, लाकडाची, प्लास्टिकची खेळणी मांडतात आणि दरवर्षी त्यांत एखाद्या नव्याची भर पडते. मेगाट्रॉन ज्या दिवशी जाळावयाच्या रांगेतून उठून पेटीत ठेवावयाच्या रांगेत आला, त्या दिवशी खलनायकाचे प्रतीक वारशाची वस्तू झाले. पेटी बंद करताना घरची सून मुखवटे, हात आणि बाळे मोजून कापडात गुंडाळते. संग्राहक दस्ता, नळी आणि दुर्बीण मोजतो, आणि एक जरी वस्तू कमी भरली तरी दोघेही पेटीचे झाकण लावत नाहीत.