नाव उरलं, गाव बुडालं

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

मी आंबेगाव तालुक्यातला. ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी सरळ 'आंबेगाव' सांगतो. पण तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठा बाजार मंचरला आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात. घोड नदी अडवली आणि गाव गेलं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. म्हणजे नावं आहेत सगळी. चित्र मात्र एकही नाही.

माझ्या आजीचं माहेर त्या जुन्या गावातलं. गेल्या मे महिन्यात लाईट गेली होती, तेव्हा तिने तांब्यात बोट बुडवून शहाबादी फरशीवर गाव काढलं. ही नदी, हे देऊळ, ही आमची पडवी, इथं गुरं बसायची. मी फोन हातात घेऊन बसलेलो. फोटो काढावा हे सुचलंच नाही, रील चालू होतं. पाच मिनिटांत फरशी वाळली.

तेव्हापासून डोक्यात एक माणूस आहे, जिव्या सोमा म्हसे. आमच्या जुन्नरच्या नाणेघाटाने खाली उतरलं की कोकण लागतं, तिथून उत्तरेला गेलं की डहाणू. त्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे हे वारली चित्रकार. सांगतात की लहानपणी आई गेली आणि या पोराने बोलणंच सोडलं. काही हवं असलं तर मातीत बोटाने काढून दाखवायचा.

आता 'स्वतः शिकलेला कलाकार' म्हटलं की मला यूट्यूबवर कोडिंग शिकलेला माझा रूममेट आठवतो. पण तोही कुणाचं तरी बघूनच शिकला ना! जिव्या दादांनीही बघितलं ते बायकांचं. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. हो, 'लिहितात', चौक 'काढतात' असं म्हणत नाहीत. शेणाने किंवा गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून ब्रश केलेली बांबूची काडी. मधे पालघट देवी. हे काम सुवासिनींचं, गाणी म्हणणाऱ्या धवलेरीचं. लग्न झालं की काही दिवसांत भिंत पुसट व्हायची आणि कुणी लिहिलं ते कुठेच नोंदलं जायचं नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिकडे गेले आणि त्यांनी कागद-रंग दिले. कागद खरं तर बायकांसाठी होता, पण तो मनापासून धरला जिव्या दादांनी. आणि मग लग्न नसतानाही, रोज चित्र. १९७५ ला मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ ला पद्मश्री. २०१८ ला गेले.

पण पुरस्कारांची यादी तुम्हाला गूगलवर मिळेल. मला थांबायचंय त्यांच्या कागदापाशी. तारपा वाजतोय, त्याच्याभोवती माणसं गोल नाचतायत. नदीत टाकलेलं मासेमारीचं जाळं, इतकं बारीक विणलेलं की अख्खा कागद भरून जातो. भातलावणी, मळणी, मुंग्यांचं वारूळ, झाडावर चढलेला माणूस. क्षितिजाची रेषच नाही. गाव वरून, समोरून, बाजूने, सगळीकडून एकदमच दिसतं. आजीनेही तसंच काढलं होतं, देऊळ उभं आणि नदी वरून बघितल्यासारखी.

हा इतिहास आहे का? माझा एक मित्र म्हणाला, 'तारीख नाही, राजा नाही, मग कसला इतिहास?' मी त्याला नाणेघाटात घेऊन गेलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी तिथल्या लेण्यात आपल्या घराण्याचे पुतळे कोरून घेतले, वर ब्राह्मीत नावं घातली. सिमुक, सातकर्णी, नागनिका. आज नावं वाचता येतात, पुतळ्यांची फक्त पावलं उरलीयेत. राजांचं हे असं! वारली भिंतींचं उलट झालं. माणसं कशी जगत होती ते हुबेहूब कागदावर आलं, पण त्याआधी शेकडो वर्षं ज्या बायकांनी ते लिहिलं त्यांचं नाव आपल्याकडे नाही. जिव्या दादांना पद्मश्री मिळाली याचा मला आनंद आहेच. तरी त्या धवलेरी डोक्यातून जात नाहीत.

मागच्या रविवारी मी घरी गेलो. मंचरच्या दुकानातून ड्रॉइंगचा कागद आणि स्केचपेन नेले होते. आजी म्हणाली, 'मला कुठं येतंय, तूच काढ.' मी काढायला घेतलं. देऊळ नदीच्या अलीकडे काढलं तर तिने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. 'पलीकडं रे! आन् विहीर कुठंय?' तेवढ्यात शेजारची मावशी आली, तीही त्याच गावची. विहीर देवळाच्या डाव्या अंगाला की उजव्या, यावर दोघींची जुंपली ती चहा गार होईपर्यंत. कागदावर आता दोन विहिरी आहेत. मी दोन्ही तशाच ठेवल्यात, आणि खाली कोपऱ्यात दोघींची नावं लिहिलीयेत.