घरात सरकारी छुपा कॅमेरा? हक्क काय, ते माहीत असू द्या

घरात डोकावायचा मोकळा परवाना सरकारलाही नाही. खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच उत्तर प्रदेश पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि गरजेपुरतीच कारवाई, हे तिन्ही लागतं.

झडतीचं चित्रीकरण वेगळं. ते पोलिसांना कायद्यानेच करावं लागतं.

छुपा कॅमेरा सापडला तर उपटू नका. फोटो काढा, दोन साक्षीदार बोलवा, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. कलम २२६ खाली उच्च न्यायालयातही दाद मागता येते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.