बोईसरवरून जाणारी रेघ आणि इंजिनातला बर्फ

अहमदाबाद ते मुंबईतलं जुहू अशी नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती डहाणू, बोईसर, पालघरच्या अगदी जवळून खाली उतरते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला पेट्रोल भरून जुहूला पोहोचले, त्या प्रवासाची सरळ वाट हीच. विमान होतं पस मॉथ: लाकूड, कापड आणि पोलादी नळ्यांचं, एका पिस्टन इंजिनाचं. रेडिओ नव्हता. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर आणि मधून बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे रूळ.

या किनाऱ्याशी बर्फाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पंखांवर बर्फ साचायला शून्याखालची हवा लागते आणि पावसाळ्यात इथे ती साधारण 5 किलोमीटर उंचीवर सापडते. लहान विमानं तिथवर जात नाहीत. पण इंजिनातला बर्फ बाहेर धरतच नाही, तो हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या गळ्यात धरतो.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, शिवाय अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब घटतो. दोन्ही मिळून तापमान 20 अंशांहून जास्त उतरू शकतं. ऑक्टोबरात पालघरला जमिनीवर 30 अंश असले, तरी हजार मीटरवर ते 24च्या आसपास येतात आणि हवेत समुद्राचा ओलावा भरलेला असतो. जुहूसाठी उंची सोडताना वैमानिक थ्रॉटल मिटत आणतो. झडप जवळजवळ बंद, इंजिन गार, हवा दमट: बर्फाला हवं ते सगळं एका ठिकाणी जमतं.

लक्षणं फसवी असतात. आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, हळूच घसरतात, मग इंजिन खरखरायला लागतं. एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्बोरेटरकडे वळवली की आरपीएम आणखी पडतात आणि वितळलेलं पाणी गिळताना इंजिन काही क्षण अडखळतं. नवशिका इथेच घाबरतो आणि गरम हवा पुन्हा बंद करतो. खरं तर तेव्हाच धीर धरायचा असतो. पाणी संपलं की आरपीएम वर चढतात. शिकवताना यावर जेवढा भर द्यायला हवा तेवढा दिला जात नाही, कारण बर्फ म्हटलं की थंड मुलखातली उदाहरणं डोळ्यासमोर येतात. हा धोका आपल्या किनाऱ्याचाही आहे.

जेआरडींच्या त्या काळी इथल्या दमटपणाचा उघड जाच मात्र वेगळाच होता. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांची विमानसेवा पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावी लागे.

1982 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास लेपर्ड मॉथने एकट्याने पुन्हा केला. त्या विमानाचं इंजिनही कार्बोरेटरचंच. 1996 पासून सेस्ना 172 हे लहान विमान इंधन फवारणीच्या इंजिनासह येऊ लागलं आणि त्या विमानांतून बर्फ धरणारा तो कार्बोरेटरच गेला. सेस्ना 152 मात्र कार्बोरेटरवरच चालतं. त्याच्या वैमानिकाला उतरण्यासाठी थ्रॉटल मिटण्याआधी कार्ब हीटचा, म्हणजे ती गरम हवा वळवणारा, दांडा बाहेर ओढावा लागतो, घामाघूम करणाऱ्या दुपारीसुद्धा.