धर्म बदलला, पण भाषा नाही! वसईचे कॅथलिक मराठी कसे राहिले?

जानेवारी २०२०. उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड झाल्यावर ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणत काहींनी विरोध केला, धमकीचे फोनही गेले. पण वसईचा इतिहास पाहिला, तर ही निवड अजिबात आश्चर्याची वाटत नाही.

वसईत कॅथलिक धर्म कसा आला?

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढच्या दोनशे वर्षांत इथल्या अनेक सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. आडनावं परेरा, लोपीस, डाबरे अशी झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले. चर्च आणि माणसं मात्र इथेच राहिली.

मग टिकलं काय?

घरातली बोली. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाजात कादोडी (सामवेदी) बोली आजही बोलली जाते. जुन्या पिढीतल्या बायकांचं लाल लुगडं ही या समाजाची ओळख. शेती-वाडीही शेजाऱ्यांसारखीच.

चर्चची भूमिका काय?

वसईत चर्च म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नाही. त्याभोवती शाळा आहे, सण आहेत, गावकी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली आणि वसईत ती भाषा मराठी होती. दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि ‘हरित वसई’ आंदोलनात बिल्डर लॉबीविरुद्ध उभे राहिले.

आयर्लंडशी काय संबंध?

तिथे उलटं घडलं. प्रॉटेस्टंट ब्रिटिश सत्तेखाली कॅथलिक असणं हीच आयरिश ओळख बनली. धर्म टिकला, पण बहुतेकांची रोजची भाषा आयरिशऐवजी इंग्रजी झाली. वसईकरांचा धर्म बदलला, भाषा टिकली.

आता धोका कशाचा?

शहर वाढतंय, वाड्यांच्या जागी इमारती येतायत, मुलं इंग्रजी माध्यमात शिकतायत. कादोडी बोलणारं घर कमी झालं, तर मराठीचीच एक बोली गप्प होईल. म्हणून ‘हे मराठी आहेत का?’ या प्रश्नापेक्षा ‘त्यांची मराठी आपण ऐकतो का?’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.