नदीच्या भरवशावर बेतलेली शुद्धता

सांडपाणी शुद्ध झाले असे केव्हा म्हणावे? या प्रश्नाचे आजही प्रभावी असलेले एक उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये घडले.

१९१२ साली ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने आपल्या आठव्या अहवालात एक मर्यादा सुचवली. नदीत सोडायच्या पाण्यात घन कण लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक नसावेत. आणि त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाच दिवसांत जो ऑक्सिजन वापरतात तो, म्हणजे बीओडी, २० मिलिग्रॅमच्या आत असावा. या आकड्यांमागे एक गृहीत होते : नदीत त्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असेल. शुद्धीकरणाचे उरलेले काम नदीवर सोपवले होते.

ही मर्यादा गाठण्याचे प्रभावी साधन दोनच वर्षांत हाती आले. मँचेस्टरचे रसायनज्ञ गिल्बर्ट फाउलर यांनी अमेरिकेतील लॉरेन्स येथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले होते. त्यांच्या सूचनेवरून एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांतील सांडपाण्यात हवा खेळवली. पहिल्या खेपेस पूर्ण ऑक्सिडीकरणाला सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाचा गाळ त्यांनी फेकला नाही. वरचे पाणी काढून त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले. खेपेगणिक जिवाणूंची वस्ती दाट होत गेली आणि तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी आपला निबंध वाचला. ‘सक्रियित गाळ’ प्रक्रिया ती हीच.

पुढे १९१६ मध्ये फाउलर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. शतकानंतर याच शहराच्या सांडपाण्याने तो जुना प्रश्न नव्याने उभा केला. २०१८ पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील, दुसऱ्या टप्प्यापर्यंत प्रक्रिया केलेले पाणी दुष्काळी कोलार जिल्ह्याच्या तलावांत सोडले जाऊ लागले. योजना दररोज ४४ कोटी लिटरची होती. कोरडे तलाव भरले, परिसरातील भूजल वर आले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, तिसऱ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाविना हे पाणी भूजलात मुरू देणे धोक्याचे आहे. वाद न्यायालयापर्यंत गेला.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरा टप्पा प्रामुख्याने कुजणारे द्रव्य काढतो. रोगजंतू त्यात घटतात, पण संपत नाहीत. नायट्रोजन व फॉस्फरस बऱ्याच अंशी उरू शकतात. विरघळलेले क्षार तर जवळजवळ तसेच राहतात. त्यासाठी गाळण, निर्जंतुकीकरण आणि गरजेनुसार पटलशुद्धी लागते. शिवाय कोरड्या तलावात आठपट स्वच्छ पाणी कुठून येणार?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. प्रक्रियेची स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. नवी केंद्रे उभारणे निकडीचे आहेच. पण जे पाणी नदीला न मिळता शेताला, कारखान्याला किंवा विहिरीला मिळणार आहे, त्याची कसोटी नदीसाठी आखलेली असून चालणार नाही. ते पाणी अखेर कोणापर्यंत पोहोचणार, यावरूनच त्याची शुद्धता ठरवावी लागेल.