खेळघराचे कुलूप

भगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेत आजवर मी दोन पाककृती आणि एक विणकामाचा नमुना एवढेच दिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इतिहासावर लिहावयास ही कशी धजली, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु हा इतिहास राजांचा किंवा लढायांचा नसून लहान मुलांच्या खेळण्याच्या खोलीचा आहे. अशा एका खोलीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगावी आणि शेवटी आपल्यापुढे एक विनंती ठेवावी, म्हणून हा खटाटोप.

आपल्या सभागृहामागची अडगळीची खोली मुलांना खेळावयास कशी मिळाली, हे सर्वांना आठवत असेलच. जिन्याला नवा रंग दिला आणि आठवडाभरात मुलांनी तो कोळशाने व पेन्सिलीने रंगवून टाकला. तक्रारी आल्या. तेव्हा मुलांना एका जागी गुंतवावे म्हणजे भिंती वाचतील, असा विचार होऊन ती खोली ठरली. हळदीकुंकवाच्या खर्चातून शिल्लक राहिलेले साडेतीन हजार रुपये हाताशी होते. आम्ही चौघीजणींनी उत्साहाने खोली सजविली. जुने काचेचे कपाट विकत घेतले, त्यात झकपक खेळणी मांडली, भिंतीवर परीचे व सशाचे चित्र आमच्या डोळ्यांसमोर येईल असे टांगले. खेळणी मोडू नयेत म्हणून कपाटाला कुलूप घातले आणि किल्ली माझ्या कमरेला आली.

एके दिवशी आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंची पाच वर्षांची मुलगी आईबरोबर आली व खोलीत शिरली. कपाटाच्या काचेला तिने बोट लावले मात्र, मी म्हटले, "अगं, हात नको लावूस, डाग पडतात." तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले व तशीच उभी राहून ती खेळण्यांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती खोलीकडे फिरकली नाही. आमचीही मुले हळूहळू येईनाशी झाली. ती पुन्हा जिन्यावर दिसू लागली.

पुढे आपल्या वाचनालयातून अनुताई वाघ यांचे 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र मी घरी नेले. ते वाचल्यावर या विषयावर मिळेल ते वाचीत गेले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही कुलपाची गोष्ट फार जुनी आहे.

सन 1907 च्या जानेवारीत इटलीमध्ये रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्याचे कारण वाचून मला हसूच आले. तेथील चाळीतले आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली मुले जिन्यातून धावत आणि भिंती खराब करीत. म्हणून इमारतीच्या मालकांनीच मुलांसाठी खोली काढून दिली! मुले सुमारे पन्नास होती. त्यांना देणगीदाखल सुंदर खेळणीही मिळाली, पण मुले त्यांत रमेनात. माँटेसरीबाईंनी स्वतः तयार करविलेले ठोकळे व इतर साधने मात्र ती पुन्हा पुन्हा हाताळीत. ही साधने एका उंच कपाटात कुलपात असत व शिक्षिका ती काढून देत असे. एके दिवशी शिक्षिका कपाटाला कुलूप लावावयास विसरली. सकाळी येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या आवडीचे साधन काढून घेतलेले आणि सर्व कामात गढून गेलेली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना मात्र उमगले की, मुलांना आपली निवड आपण करता येते. त्या दिवसापासून कुलपाचे उंच कपाट गेले आणि मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे आली. मुलांनी स्वतः उचलून न्यावे इतक्या हलक्या खुर्च्या व मेजे त्यांनी आधीच करविली होती.

हा विचार आपल्या बाजूला आणण्याचे मोठे श्रेय गिजुभाई बधेका यांना आहे. वकिली सोडून त्यांनी 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजराती लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई म्हणत. त्यांना येऊन मिळाल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. मुलींनी शाळेत जाणेही अपूर्वाईचे होते त्या काळात, 1914 साली, ताराबाई बी. ए. झाल्या. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला लहान मुलांत जाऊन बसल्या. दोघांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले.

परंतु शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहावे, याने त्यांचे समाधान होईना. माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग पडे. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला ते कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास ताराबाई 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. त्यांचे वय तेव्हा 53 वर्षांचे होते. भगिनींनो, त्या वयात आपण मुलांची लग्ने उरकून हातात जपमाळ घ्यावयाचे बोलतो!

तेथे त्यांना अनुताई येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म 1910 सालचा. लहान वयात लग्न झाले आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य आले. तरी शिकल्या आणि 1925 साली व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा म्हणजे त्या काळची मराठी सातवी. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. माझेही शिक्षण तेवढेच. पण अनुताई तेथे थांबल्या नाहीत. शिक्षिकेची नोकरी करीत रात्रीच्या शाळेत जाऊन 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या.

बोर्डीला या दोघींनी बालवाडी काढली. साहित्य कोठून आणावयाचे? जे गावात आहे तेच. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या. मोजावयास खडे, रंग ओळखावयास फुले, लहानमोठेपण समजावयास पाने. विकतच्या ठोकळ्यांनी जे शिकावयाचे, ते गावच्या वस्तूंनी शिकता येते, हे त्यांनी करून दाखविले.

तरी एक अडचण उरलीच. हरिजनवाड्यातील मुले बालवाडीकडे येईनात. कोणीही म्हणाले असते, "आम्ही दार उघडे ठेवले आहे, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार?" त्यांनी तसे म्हटले नाही. साहित्य उचलून त्या मुलांच्या दारात गेल्या. मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची आणि तेथेच अंगणात खेळ मांडावयाचा. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर गावोगावी जी अंगणवाडी आहे, तिचे नाव असे आपल्या मराठी अंगणातून गेले आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 सालच्या 2 ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हा हाच शब्द तिने घेतला.

1957 साली हे कार्य बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. तो वारली आदिवासींचा मुलूख. तेथील मुले गुरे राखीत. शाळेत कशी येणार? मग अनुताईंनी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. याच तालुक्यात वारली सुवासिनी लग्नात घराची भिंत सारवून, गेरू लावून, तांदळाच्या पिठाने तिच्यावर देवीचा चौक लिहितात. भिंत सजविण्यास पैसा लागत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण व अनुताईंना 1985 साली पद्मश्री मिळाली. ताराबाई 1973 साली गेल्या. अनुताई 1992 साली जाईपर्यंत कोसबादलाच काम करीत राहिल्या.

असो. एवढे वाचल्यावर कमरेची किल्ली मला टोचू लागली. आम्ही कपाटाची काच काढली, मधली फळी उतरवून अगदी खाली बसविली. परीचे चित्र मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत आणले. मोडकी खेळणी टाकून त्यांच्या जागी वापरलेल्या काकणांच्या टोपल्या, चिंचोके, सागरगोटे, शिंपले मांडले. अगदी धाकटी मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यापुरत्या मोठ्या वस्तू वेगळ्या ठेवल्या. जुन्या साड्यांचा तंबू केला. दोन करवंट्या व सुतळी यांचा तराजू झाला. भिंतीचा खालचा दीड हात गेरूने सारवला आणि शेजारी खडू ठेवले. कुलूपकिल्ली मी मंडळाच्या कार्यालयात जमा केली. या साऱ्यास तीनशे रुपयेही लागले नाहीत.

राहिली ती मुलगी. तिला बोलावणे पाठविले, पण आली नाही. तेव्हा सुपात चिंचोके व करवंट्यांचा तराजू घेऊन मीच तिच्या दारी गेले. जाताना पाय अडखळत होते, हे कबूल करते. तिची आई म्हणाली, "ताई, तुम्ही कशाला आलात?" मी ओट्यावर बसले व चिंचोके तोलू लागले. पुष्कळ वेळाने त्या मुलीचा एक हात पाठीमागून पुढे आला. तिने एक चिंचोका पारड्यात टाकला. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या चार मुलांना घेऊन खोलीवर आली. गेरूच्या भिंतीवर तिने खडूने घर काढले आहे. घराला दार फार मोठे आहे आणि भिंती जवळजवळ नाहीतच.

आता विनंती. वर्धापनदिनाला पाहुणे येणार, तेव्हा त्या खोलीची भिंत खालपासून वरपर्यंत रंगवून घ्यावी, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगलाच आहे. वरची भिंत अवश्य रंगवावी. खालचा दीड हात मात्र मुलांचा आहे, तो तसाच ठेवावा. पाहुण्यांनी विचारले तर हा इतिहास सांगण्यास मी तेथे उभी राहीन.