विमानाचा रेडिओ डिजिटल झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर विषय शोधताना आपण हमखास विचारतो, नवं कधी आलं? आज उलटा प्रश्न घेऊन बघा: जुनं अजून का टिकलंय?

उदाहरण डोक्यावरचंच घेऊ. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशवरून दहा किलोमीटर उंचीवर जाणारं विमान मुंबईच्या हवाई क्षेत्रात असतं. सरळ रेषेत मुंबई साधारण ३०० किलोमीटर. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड असलेल्या गावात मुंबईच्या ट्रान्समीटरचा आवाज पोचत नाही. तेवढ्या उंचीवरच्या विमानापर्यंत मात्र तो तत्त्वतः ४०० किलोमीटरपर्यंत पोचू शकतो.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीएचएफवरचं बोलणं जगभर रूढ झालं. पद्धत होती एएम, आणि आजही तीच आहे! वाहतूक वाढली तशी दोन चॅनेलांमधली जागा कमी करत नेली: २५ किलोहर्ट्झ, मग युरोपात ८.३३. बोलण्याची पद्धत मात्र बदलली नाही. बदलायची तर सगळ्या देशांना, सगळ्या विमानांना एकदम बदलावी लागली असती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो. एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे काहीतरी बुडालं हे निदान कळतं. पण कळणं पुरेसं नसतं. २७ मार्च १९७७ला टेनेरिफला नियंत्रकाचा ‘थांबा’ आणि पॅन ॲमचा ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे दोन्ही संदेश एकाच वेळी निघाले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्यांच्या जागी शिट्टी ऐकू आली. ५८३ माणसं गेली.

मग सगळं लेखी का करत नाही? समुद्रावर तसं होतंय. तिथे व्हीएचएफ पोचत नाही आणि शॉर्टवेव्हवर खरखर फार. म्हणून १९९०च्या दशकात आधी पॅसिफिकवर उपग्रहामार्फत लेखी सूचना सुरू झाल्या. त्याला सीपीडीएलसी म्हणतात. सूचना पडद्यावर येते, वैमानिक बटण दाबून होकार देतो. उच्चारांचा घोळ टळतो. पण संदेश जाऊन उत्तर यायला वेळ लागतो. उतरणाऱ्या विमानाला तेवढा वेळ नसतो. शिवाय एकाच फ्रिक्वेन्सीवरचे सगळे वैमानिक एकमेकांच्या सूचना ऐकतात आणि आजूबाजूला कोण आहे याचा अंदाज बांधतात. लेखी संदेशात ते ऐकणं संपतं.

जमिनीवरचा भाग वेगळाच. दूरच्या रेडिओ केंद्रापासून नियंत्रकाच्या हेडफोनपर्यंतचा आवाज आता अनेक ठिकाणी डिजिटल नेटवर्कवरून येतो. त्याच संभाषणाचा हवेतला टप्पा मात्र एएमच.

म्हणून प्रस्तावात ‘आधुनिकीकरण’ हा शब्द लिहिलात की लगेच तीन प्रश्न विचारा: साखळीतली नेमकी कोणती कडी बदलली? कुणाची सोय झाली? आणि आधी कुणाला ऐकू येत होतं, ज्याला आता येत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरेदीच्या कागदांत सहसा सापडत नाही. त्यासाठी निवृत्त नियंत्रक आणि वैमानिकांच्या मुलाखती घ्याव्या लागतील, आणि त्या लवकर घ्यायला हव्यात.